पाणसळ

टेबल म्हणजे हिरवं कापड नव्हे.
कापडाखाली दगडाच्या पाच पाट्या असतात,
एकेक उचलायला चौघं लागतात
आणि सांध्यांत मेण भरायला
माझ्यासारखा एखादा, गुडघे गेलेला.
मग कापड ताणायचं, लव एकाच दिशेला झाडायची,
पिवळ्याच्या टोकाकडून काळ्याच्या टोकाकडे,
आणि वरून इस्त्री,
लग्नाच्या सदऱ्याला करावी तशी.

विगनच्या क्रीडासंकुलात पात्रता फेरीची आठ टेबलं
मी तीन रात्रींत उभी केली.
पडद्यापलीकडे पोहण्याचा तलाव:
क्लोरीनचा वास, पोरांच्या किंकाळ्या.
अलीकडे गळ्याला बो बांधलेली माणसं
श्वास आवरून.
सातव्या टेबलावर कॅमेरा नव्हता.
प्रेक्षक नऊ. त्यातली एक बाई मोजे विणत होती,
कुणी फटक्याला वाकलं की सुया थांबवायची.

इडवल प्रॉबर्ट, ट्रेडेगरचा,
वय सत्तेचाळीस, क्रमवारीत पासष्टावा.
रेघ चौसष्टाखाली मारलेली असते.
रेघेच्या वर तो धंदा,
रेघेखाली नुसता नाद.

समोर चू रुइलिन, सतरा वर्षांचा.
शेफिल्डला लॉन्ड्रीवरच्या खोलीत तिघांत राहतो,
आईशी फोनवर बोलतो तेव्हा तिकडे मध्यरात्र असते.
हनुवटीवर क्यूची फिकट रेघ
इतक्या लवकर.

तीन-तीन. शेवटची फ्रेम.
इडवल नऊने मागे.
निळा आणि गुलाबी, बस्स, एवढे दोन.

निळा सोपा नव्हता. अवघड तर नव्हताच.
मुलगी जन्मली त्या रात्री दवाखान्यातून क्लबात येऊन
त्याने असे शंभर मारले असतील.
हळू सोडला त्याने, मधल्या पॉकेटकडे,
इतका हळू
की चेंडूला वाटेत विचार बदलता यावा.

शेवटच्या वितीत निळा कलला.
किंवा मला तसं दिसलं.
पॉकेटच्या ओठावर येऊन उभा राहिला,
दार वाजवून आत न येणाऱ्या
पाहुण्यासारखा.

रेफ्रीबाईंचे पांढरे हातमोजे पाठीमागे, स्थिर.
इडवलने चेंडूकडे पाहिलंच नाही.
कापडाकडे पाहिलं.
मग, एकदाच, माझ्याकडे.

पोराने निळा आत सारला, जवळजवळ माफी मागत.
हातात हात दिले गेले.
पलीकडे कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदा
उंचावरून पाण्यात उडी मारली असावी;
टाळ्या तिकडेच जास्त झाल्या.

रात्री अर्धे दिवे गेल्यावर
मी सातव्यावर पाणसळ ठेवली.
उभी. आडवी. मग तिरकी, निळा गेला त्या वाटेने.
बुडबुडा मधोमध.
चष्मा पुसला, बॅटरी जवळ धरली.
मधोमध.
एकतीस वर्षं ह्या बुडबुड्याने माझं घर चालवलं,
तो कुणाची बाजू घेत नाही.

इडवल बाहेर गाडीपाशीच होता अजून,
क्यूची पेटी मागच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेली.
कागदी पेल्यातला चहा थिजलेला.
अंगठ्यावर खडूचा निळा डाग.
‘क्लेम,’ म्हणाला, ‘त्या मधल्या पॉकेटकडे
जरा उतार होता का रे?’

ह्या धंद्यात माझी एकच गोष्ट
आजवर कुणी वाकडी म्हटली नाही.

‘होता,’ म्हटलं. ‘केसभर.’

त्याने मान हलवली, चहा डांबरावर ओतला.
‘मला वाटलंच.’
खांदे थोडे खाली आले त्याचे, दिवसभरात पहिल्यांदा.

आता घरी पोचेपर्यंत तो चौघांना फोन करेल:
क्लेमचा हात गेला, पूर्वीची टेबलं राहिली नाहीत.
करू दे.
मी आत जाऊन सातव्याचे स्क्रू सोडवतोय,
पाट्या उद्या सकाळी सहाला ट्रकमध्ये चढवायच्यात
आणि चौथा माणूस
अजून मिळालेला नाही.